दाजी तांडेलांची किल्ल्यावरची सावली

वैशाखात मालवणचा किल्ला बघायला जाणाऱ्या माणसाला मी वेडं म्हणते, आणि मी स्वतः तो बारा वेळा वैशाखातच बघितला आहे. परीक्षा चैत्रात संपायच्या, शिवजयंती वैशाखात यायची, तेव्हा मुलींना किल्ला दाखवायचा तो त्याच दिवसांत, असं आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी ठरवून टाकलं होतं. त्या स्वतः कधी आल्या नाहीत. मी सावित्री मास्तरीण, पंचवीस-तीस मुली, फिरकीचे चार तांबे आणि माझी काळी छत्री असा लवाजमा धक्क्यावर जायचा, आणि तिथे दाजी तांडेल होडी घेऊन उभे असायचे.

दाजी तेव्हा साठीला आलेले. उंच, काटक. बोलताना समोरच्याकडे न बघता वर आकाशाकडे बघायची त्यांना सवय होती. पहिल्यांदा मला तो उर्मटपणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले. चाळीस वर्षं शिडाकडे बघत बोललेला माणूस, मान तशीच राहिली होती. मी त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायला आले तेव्हा आमची खरी ओळख झाली, आणि भांडणंही तेव्हापासूनच सुरू झाली. शाळेत मी पुस्तकी मराठी बोलत असे, पण भांडायला मला मालवणीच लागते.

माणसं किल्ल्यावर पोचवणं हा दाजींचा मूळचा धंदा नव्हे. त्यांचा स्वतःचा शिडाचा मचवा होता आणि तेच त्याचे तांडेल. कौलं, कोकमाची सोलं, सुके बांगडे भरून ते मुंबईला जायचे आणि येताना मिठापासून छत्र्यांपर्यंत काय वाटेल ते आणायचे. पुढे माल लॉरीने जाऊ लागला. ज्यांना जमलं त्यांनी मचव्याला इंजिन बसवलं. पंचावन्न सालच्या पावसाआधी दाजींनी मचवा वाळूवर ओढला, तो पुन्हा पाण्यात गेला नाही. त्याच्यावर त्यांनी विणलेल्या झावळ्यांचं छप्पर घातलं, आणि शीड उतरवून घराच्या माळ्यावर नेऊन ठेवलं.

त्या शिडात त्यांचा जीव होता, कारण त्यात गुरुदासचं परत येणं गुंडाळून ठेवलेलं होतं. गुरुदास हा त्यांचा एकुलता मुलगा, मुंबईला गोदीत नोकरीला. दाजींचा हिशोब असा, की तो चार वर्षं जग बघील, मग येऊन मचवा पाण्यात ढकलील. "शीड तयार आसा," ते सांगायचे. "तो इलो की चडवचा, इतक्याच." दर वर्षी दसरा झाला की ते शीड माळ्यावरून काढून वाळूवर पसरत, उंदरांनी कुठे कुरतडलं ते बघत, आणि त्यांची बायको, आमच्या नर्मदाकाकी, दाभणाने ठिगळं लावत. गुरुदास गणपतीला घरी आला की दाजी विचारत, "मगे, कधी येतलंस?" तो खाली बघून म्हणे, "बघूया बाबा, पुढच्या वर्षा." त्या क्षणी नर्मदाकाकींना चुलीत लाकूड सारायची आठवण व्हायची. हे मी दोन गणपतींना माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता किल्ल्याचं सांगते. होडीतून उतरलं की दरवाजा लागतो. तिथे आतल्या वळणावर असा गारवा असतो, की माणसाला वाटतं, अख्खा किल्ला असाच असेल. मग दरवाजा संपतो आणि ऊन सुरू होतं. तिथून महाराजांच्या देवळापर्यंतच्या वाटेवर त्या काळी सावली म्हणून नव्हती, आणि खालचा दगड तव्यासारखा तापलेला. त्यात निम्मी माणसं चपला दाजींच्या होडीतच काढून ठेवायची. महाराजांच्या किल्ल्यात चपला घालून कसं जायचं, ही भावना. मग देवळापर्यंत ती भावना आणि पायाचे फोड दोन्ही सांभाळत जायचं. माझ्या मुली एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत पुढे सरकायच्या, आणि मी इतिहास सांगत असायची. कोणी ऐकत नसे.

परत येणारी माणसं दाजींना रोज दिसत. लाल झालेले चेहरे, ओकणारी पोरं, डोक्यावर ओला पदर घेतलेल्या म्हाताऱ्या. त्यांना ते सोसवेना. "दर्यात माणूस आडवो झालो तर माका समाजता," ते मला म्हणाले, "पण ही जमनीर कित्याक आडवी होतत?" आणि सत्तावन्न साली ते बांबू, झावळ्या घेऊन किल्ल्यात माटव घालायला निघाले. आमच्याकडे पाऊस संपला की घरोघरी अंगणात असा मांडव घालतात आणि मिरगाआधी उतरवतात, त्यात कोणाला काही विचारायचं असतं हे दाजींच्या गावीही नव्हतं. पहिला खड्डा खणायला घेतला तोच सरकारी रखवालदार धावत आला. जुन्या बांधकामात एक बोटभरही खणायचं नाही, म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. मला वाटलं, आता दाजी त्याच्याशी भांडतील. ते वर बघून म्हणाले, "नाय तर नाय. दर्यात तरी आमी खंय खड्डे खणतंव?"

होडीवाल्याला जमिनीत न रोवता काहीही उभं करता येतं, हे मला तेव्हा कळलं. अठ्ठावन्नच्या वैशाखात त्यांनी देवळाच्या अलीकडे एका मोडक्या जोत्यापाशी दोन डोलकाठ्या दगडांच्या राशींत उभ्या केल्या, चारी अंगांनी दोर ताणून नांगराच्या दगडांना बांधले, आणि मधे चढवलं ते शीड. माळ्यावरचं. मी चकित झाले. "दिलंत काय शीड?" मी विचारलं. "दिलंय खंय? उन्हात घालूचा लागताच. अंगणात घालण्यापेक्षा हयसर घातलंय," दाजी म्हणाले. "मिरगाच्या आदी परत माळ्यार." सगळ्या मालवणात गाजावाजा झाला. ऐनाच्या झाडाच्या सालीत रंगवलेलं तांबूस शीड, पश्चिमेकडे तोंड करून, वाऱ्याने टम्म फुगलेलं. लांबून बघितलं तर किल्लाच मुंबईला निघालाय असं वाटावं.

मी मुलींना घेऊन त्याखाली गेले आणि पाच मिनिटांत मला घाम सुटला. सावली होती, चांगली दाट होती, पण श्वास घेववेना. पाठीमागे जोत्याची तापलेली भिंत, पुढे शीड, आणि मधे आम्ही. दाजी बाहेर दोर धरून उभे. त्यांचं धोतर वाऱ्यावर फडफडत होतं. दर येणाऱ्याला ते विचारत, "कसा वाटता?" आणि दरेक माणूस म्हणे, "बरा वाटता, दाजी." आमच्याकडे कोणी घाम गाळून तुमच्यासाठी काही केलं तर त्याच्या तोंडावर वाईट म्हणायची रीत नाही. भात करपला असला तरी पाहुणा दुसऱ्यांदा मागून घेतो. मीही 'छान आहे' म्हणणार होते, पण त्याआधीच माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी माझ्याच मुलींच्या अंगावर पडले.

उठले ती भांडतच. "वारो खंय आसा, दाजी?" मी विचारलं.

"वारो शिडात आसा, बाई," ते अभिमानाने म्हणाले. "बघा कसो भरलो हा."

"तो शिडात भरलो म्हणानच आमका लागणा नाय."

दाजींनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. मग शिडाकडे, मग खाली बसलेल्या घामाघूम मुलींकडे. जन्मभर वाऱ्याचा एक थेंब वाया जाऊ नये असं शीड लावायला शिकलेला माणूस. त्यांनी ते तसंच लावलं होतं, जसं कोणत्याही चांगल्या तांडेलाने लावलं असतं. शिडाच्या मागे कधी कोणी बसतं, आणि त्यालाही वारा लागतो, हा विचार समुद्रावर करावा लागत नाही.

मग त्यांनी पंधरा दिवस खटपट केली. शीड वर ओढून बघितलं, तिरकं करून बघितलं, आडवं छतासारखं ताणून बघितलं. एवढं मोठं कापड आडवं राहीना. वारा खालून शिरला की ते उसळी मारायचं, एकदा दोर तुटून रखवालदाराची टोपी गेली. करायला काय हवं ते आम्हां दोघांनाही दिसत होतं. शीड कापून पट्टे करायचे, आणि एकाच्या वर एक, मधे हातभर फट ठेवून बांधायचे, की ऊन अडेल आणि वारा फटींतून जाईल. शेवटी मी बोलले. ते म्हणाले, "ता माका ठावक आसा. पण कापलेलो शीड मगे वारो धरना नाय, कितीय शिवलो तरी. गुरुदास इलो तर तेका काय चडवूक देवू? गोधडी?"

'गुरुदास येणार नाही, दाजी,' हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. माझ्या बाबतीत असं क्वचितच घडतं, आणि जेव्हा घडायला नको तेव्हाच घडतं.

पुढच्या वैशाखात शीड पुन्हा तसंच उभं राहिलं. थोडं वर उचललेलं, बाकी तेच. शिवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी आचऱ्याहून काशीबाई म्हणून एक म्हातारी दोन जावांबरोबर आली. महाराजांना नारळ द्यायचा नवस होता. अनवाणी, डोक्यावर नारळाची पिशवी. नारळ देऊन परत येताना ती शिडाखाली बसली. दाजींनी विचारलं, "कसा वाटता, आये?" ती म्हणाली, "बरा वाटता रे, पुता." मी मुलींना घेऊन चार हातांवर होते. तिचा चेहरा मला बरा दिसेना. इतक्या उन्हात तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. मी उठेपर्यंत ती बसल्या जागी कलंडली.

दाजींनी दोर सोडून दिला आणि तिला उचललं. साठ वर्षांच्या माणसाने म्हातारीला दोन्ही हातांवर घेऊन दरवाज्यापर्यंत धावत नेलं, गारव्यात निजवलं. मी तिचं लुगडं सैल केलं, तांब्यांतलं पाणी तिच्या अंगावर ओतलं, मुलींनी वह्यांनी वारा घातला. कितीतरी वेळ ती डोळे उघडेना. दाजी तिच्या पायांशी बसून तळपाय चोळत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, देवाला म्हणत होते की तिला, ते कळलं नाही. मला फार भीती वाटली होती. तिने डोळे उघडले तेव्हा मी रडले, आणि मुलींनी ते बघितलं.

परतीच्या होडीत ती जावेच्या मांडीवर डोकं ठेवून होती. दाजींनी वल्हं थांबवलं. "आये, थंय बरा वाटणा नव्हता तर सांगलास कित्याक नाय?"

"इतके कष्ट करून बांधलंस तू," म्हातारी म्हणाली. "तुका वायट कसा सांगाचा?"

दाजींनी पुन्हा वल्हं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले. मी चहा दिला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

"बाई, एक विचारतंय. गुरुदास दर वर्षा 'बघूया' म्हणता. ता पण असाच काय? माका बरा वाटाचा म्हणान?"

ह्या वेळी मी गिळलं नाही. "होय, दाजी."

"तुमका ठावक होता?"

"होय."

"नर्मदेक?"

"तेंका तर सगळ्यांच्या आदीपासना."

मला वाटलं, आता माझ्याशी कायमचं बोलणं टाकतील. टाकलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. चूक आमची सगळ्यांची होती. एक चांगला माणूस वर्षानुवर्षं शीड वाळवत बसला आणि आम्ही त्याला प्रेमाने वाळवू दिलं. शेवटी त्यांनी गार झालेला चहा उचलून पिऊन टाकला आणि विचारलं, "तुमच्याकडे शाळेचो खडू आसा मा?"

शीड आम्ही वाळूवर, मचव्याच्या शेजारीच पसरलं. मी खडूने रेघा मारल्या. सुरी दाजींच्या हातात होती, ती कापडाला टेकली आणि तिथेच थांबली. नर्मदाकाकी पलीकडचं टोक धरून बसल्या होत्या. त्या उठल्या, नवऱ्याच्या हातातून सुरी घेतली आणि पहिली चीर स्वतः दिली, आपणच लावलेल्या एका ठिगळामधून. म्हणाल्या, "माका ह्या शिडाचो कंटाळो इलो होतो." मग दाजींनी सुरी परत घेतली आणि बाकीचं सगळं कापलं. नऊ पट्टे झाले. आठ दिवस आम्ही तिघं काठ शिवत होतो. दाभण माझ्या बोटात किती वेळा गेलं ते विचारू नका.

पट्टे चढले त्या दुपारी मी मुद्दाम एकटी जाऊन बसले. वारा पहिल्या फटीतून आला, मग दुसरीतून, कापड जरा जरा हललं, आणि माझ्या मानेवरचा घाम सुकला. दाजी दोर धरून बघत होते. मी म्हटलं, "दगड अजून भाजता." त्यांना राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी झावळ्यांच्या चटया आल्या. त्या दिवसापासून त्यांनी 'कसा वाटता' विचारणं बंद केलं आणि 'काय कमी आसा ता सांगा' म्हणायला लागले. आधी कोणी तोंड उघडेना. मग कोणी सांगितलं, पाणी गरम आहे, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली मडकी आली. कोणी म्हणालं, देवळापर्यंत पाय भाजतात, तर दाजी होडीतच सांगू लागले, "चपला घाला. महाराज रागावणत नाय. तेंचे मावळे काय अनवाणी लढले?" इतिहासाच्या दृष्टीने हे कितपत बरोबर आहे ते मला माहीत नाही, पण मी मास्तरीण असून गप्प बसले. आमच्या मुलींचे पाय वाचले.

त्या वर्षी गुरुदास गणपतीला आला नाही. त्याची बायको सीता बाळंत व्हायची होती. तो आला तो एकदम साठच्या वैशाखात, सीतेला आणि आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन. शिडाचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. नर्मदाकाकी म्हणाल्या, बघू दे त्याचा तो. सीतेला किल्ला बघायचा होता, तेव्हा दाजींनी त्यांना होडीतून नेलं. मी त्याच होडीत होते, मुलींसकट.

दरवाज्यातून बाहेर पडल्यावर गुरुदासला लांबून ते तांबूस पट्टे दिसले. तो चालता चालता थांबला. त्याने ते शीड लहानपणापासून बघितलं होतं, त्याला ओळखायला वेळ लागला नाही. जवळ आला, एका पट्ट्याचा काठ हातात घेऊन बघितला, आईचं ठिगळ ओळखलं. सीता बाळाला घेऊन चटईवर बसली. बाळ घामाने चिडचिडलं होतं, वारा लागल्यावर शांत झालं आणि पट्ट्यांकडे टकामका बघू लागलं.

"बाबा, तुमी शीड कापलास?" गुरुदासने विचारलं.

"कापलंय. लोकांक वारो गावणा नव्हतो."

गुरुदास खाली बसला. दाजींनी त्याला काही विचारलं नाही. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला असता तर नेहमीचं उत्तर आलं असतं. विचारला नाही, म्हणून गुरुदासलाच बोलावं लागलं. "बाबा, मी परत येवचंय नाय," तो म्हणाला. "माका मचव्याची भीती वाटता. ल्हानपणापासना वाटता. तुमका सांगूक धीर झालो नाय."

दाजींनी हातातला दोर थोडा सैल केला, पुन्हा बांधला. गाठ एकदा चुकली. चाळीस वर्षांत त्यांची गाठ चुकली नसेल. मग ते मुलाकडे बघून म्हणाले, "मुंबैक तुझ्या खोलयेत वारो येता?"

"नाय, बाबा. एक खिडकी आसा, ती पण भिंतीसमोर."

दाजींनी नातीकडे बघितलं. "मगे ह्या चेडवाक हयसर आणीत जा. दर वर्षा, वैशाखात. आठ दिस र्‍हवा, आणि जावा."

गुरुदास मान हलवून हो म्हणाला. मी माझ्या मुलींना उठवलं आणि देवळाकडे घेऊन गेले, कारण दाजींना डोळे पुसायचे होते आणि माझ्यादेखत त्यांनी ते कधीच पुसले नसते.